माहेरच्या गावात बिऱ्हाड

नवरा रिटायर झाला आणि त्याच महिन्यात आमच्या समोरची बिल्डिंग पाडायला घेतली. बोरिवलीत याचं कोणाला नवल नाही. ज्याच्या समोर पाडत नाहीत त्याच्या मागे पाडतात. पण नोकरीवाला माणूस सकाळी जातो, संध्याकाळी येतो, त्याला फक्त धूळ दिसते. आमचा आता दिवसभर घरात. ड्रिलिंग सुरू झालं की खिडकी लावायचा, उकडलं की उघडायचा, परत लावायचा, आणि दर वेळी माझ्याकडे असा बघायचा की मशीन मीच भाड्याने आणलंय. पंधरवड्यात त्याने जाहीर करून टाकलं, "आपण इथून जायचं."

"कुठे?"

"कुठेही. जिथे माणसासारखं जगता येईल तिथे."

मी कणीक मळत होते. म्हटलं, आधी कोथिंबीर घेऊन ये, मग माणसासारखं जगू. तो कोथिंबीर घेऊन आला, पण डोक्यातलं खूळ काही गेलं नाही.

मुलगी मुलुंडला दिलेली. तिला कळल्यावर तिने लगेच मोहीम हातात घेतली. मुलुंडला डोंगर आहे, झाडं आहेत, हवा चांगली आहे, रस्ते रुंद आहेत, हॉस्पिटल कोपऱ्यावर आहे, आणि मी आहे. मुलुंडच्या माणसांचं एक असतं, मुलुंडच्या बाहेर लोक राहतात आणि चक्क जिवंत असतात हे त्यांना पटतच नाही. आम्ही दोन शनिवार-रविवार तिच्याकडे राहून आलो. हवा होती, झाडंही होती. तिच्या समोरचीही बिल्डिंग पाडत होते. नवऱ्याने मुलुंड खोडलं.

मग त्याचं गाव. मालवणच्या थोडं अलीकडे. तो एकटाच बघायला गेला, मोठ्या उत्साहाने, टोपीबिपी घालून. चार दिवसांत परत. चुलतभावांनी एस्टीतून उतरल्या उतरल्या त्याला जमिनीच्या भांडणात मध्ये घातला होता. एका भावाकडे जेवला तर दुसरा बोलेना, दुसऱ्याकडे जेवला तर पहिला रुसला. "शांतता भरपूर आहे," तो बॅग ठेवत म्हणाला, "कोण कोणाशी बोलतच नाही." गावही खोडलं.

आणि मग एका रविवारी आम्ही मनोरीला गेलो. मनोरी म्हणजे माझं माहेर, मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की लागतं. मी तिथल्या कोळीवाड्यातली, हा घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीतला. बाप गिरणीत, आई मालवणी. अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कंपनीत आम्ही एकाच टेबलावर डबा खायचो. त्याच्या डब्यात सोलकढी, माझ्या डब्यात कोलंबी, पुढचं सांगायला नको. तर तो रविवार. दादाच्या ओटीवर हा पाय पसरून बसला होता. भरती आली होती, वारा सुटला होता, वहिनीने तळलेल्या बोंबलांची दुसरी ताटली आणून ठेवली होती. हा समुद्राकडे बघत बघत म्हणाला, "माका हयच रवाचा."

मी हातातला बोंबील ताटलीत परत ठेवला. हा माणूस वाढलाय घाटकोपरला, एरवी माझ्याशी साधं मुंबईचं बोलतो. मालवणीत शिरला की समजायचं, मामला सीरियस आहे. लग्नाचं विचारलं होतं तेही मालवणीत.

आता कोणी म्हणेल, बाईला आनंद व्हायला हवा. नवरा स्वतःहून बायकोच्या माहेरच्या गावात राहायला तयार, अजून काय पाहिजे? घरी परतताना मार्वेच्या जेट्टीवर उतरल्या उतरल्या मी त्याला स्पष्ट सांगितलं, "मनोरीला नको. मी तिकडे राहायला गेले तर माझं माहेर जाईल."

तो भर रस्त्यात हसला. "येडी आहेस का? माहेर जाईल कसं? माहेरातच तर राहणार."

पुरुषांना माहेर नसतं, त्यांना काय कळणार. मी मनोरीला जाते तेव्हा काय होतं ते सांगते. फेरीतून उतरले की वहिनी हातातली पिशवी काढून घेते. ती आम्हा कोळणींतली दणकट बाई, दादापेक्षा आवाज मोठा, पण मला साधा पाण्याचा ग्लास विसळू देत नाही. मी जेवते, ताटावरून उठते, ताट तिथेच. दुपारी आतल्या खोलीत झोपते आणि उठवायला कोणी येत नाही. संध्याकाळी ती माझ्या डोक्याला तेल चोळते आणि गावातल्या सगळ्यांच्या भानगडी सांगते. निघताना साफ केलेले मासे, सुके बोंबील, जवळा, सगळं बांधून देते. साठी जवळ आली माझी. बोरिवलीत मी कुणाची आई, कुणाची सासू, सोसायटीची कमिटी मेंबर. तिथे मी पोरगी. तिथेच माझा गॅस, माझं वॉशिंग मशीन, माझ्या नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या घेऊन गेले, तर कंटाळा आल्यावर जायचं कुठे?

हे मी त्याला असंच नीट सांगितलं. तो म्हणाला, "हा काय मुद्दा आहे? मुद्द्याचं बोल."

मग आम्ही रोज संध्याकाळी मुद्द्याचं बोलायला लागलो. तो म्हणायचा समुद्र, वारा, ताजी मासळी. मी म्हणायचे शेवटची फेरी सुटल्यावर छातीत दुखलं तर? तो म्हणायचा, रस्ता आहे ना. मी म्हणायचे, भाईंदरवरून वळसा घालून येईपर्यंत दुखायचं थांबलेलं असेल, कायमचं. तो म्हणायचा शांतता. मी म्हणायचे शनिवार-रविवार कॉटेजवर पब्लिक येतं, स्पीकर लावून नाचतं, ती शांतता ना? तो म्हणायचा, तुझा दादा बघ, या वयात काय तब्येत आहे. आणि मी माझा हुकमाचा पत्ता टाकायचे: "मनोरी एवढी झकास आहे तर माझी वहिनी महिन्यातून एकदा बोरिवलीला का पळून येते?"

हे खरं होतं. महिना उलटायचा नाही, वहिनी दारात. कधी दाताच्या डॉक्टरकडे यायचं असायचं, कधी ब्लाऊज शिवायला टाकायचा असायचा. डॉक्टरकडे अर्धा तास, आणि आमच्याकडे दोन दिवस. किती दात आहेत या बाईला, असं मी नवऱ्याला म्हणायचेसुद्धा. आली की पंखा फुल करून दिवाणावर आडवी व्हायची, मी केलेली पावभाजी खायची, टीव्ही बघायची. त्याचा अर्थ मी सरळ लावला होता: सुखसोयी बोरिवलीत आहेत, म्हणून येते. नवऱ्याकडे यावर उत्तर नव्हतं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

शेवटी मुलीने तोडगा काढला. म्हणाली, भांडताय काय, महिनाभर राहून बघा. दादाच्या घरामागे एका ओळखीच्यांच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी वहिनीला फोन केला. ती जरा वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "या की. गाव तुझंच हाय." मला वाटलं, आनंदाने तिला बोलायला सुचत नाहीये. होळी झाली आणि आम्ही सामान घेऊन फेरीत बसलो.

पहिल्याच सकाळी नवऱ्याने घोळ घातला. मालवणी माणूस, त्याला वाटतं मासा फक्त त्यालाच कळतो. मी झोपेत असताना हा पिशवी घेऊन धक्क्यावर गेला आणि वहिनीच्या शेजारी मासळी विकायला बसणाऱ्या बाईकडून, कल्ले उघडून, डोळे बघून, मस्तपैकी घासाघीस करून दोन पापलेटं विकत घेऊन आला. घरी येऊन माझ्यापुढे नाचवली. "बघ गो, कशी असत!" मी कपाळावर हात मारला. म्हटलं, वाट लागली.

अर्ध्या तासात वहिनी दारात. डोक्यावर पाटी तशीच, पदर खोचलेला. कोळ्याच्या घरचा जावई धक्क्यावर मासे विकत घेतो, तेही शेजारणीकडून, तेही घासाघीस करून. "गावात मना तोंड दाखवायला जागा नाय ठेवली तुझ्या नवऱ्याने," ती मला म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "ती बाई सगळ्यांना सांगत सुटलीय, हिच्या घरात जावयाला कोलंबीची साल पण देत नाय."

नवरा बिचारा खरंच गोंधळला. "पण आम्ही आता इथे राहायला आलोय," तो म्हणाला. "रोज तुमच्याकडून फुकट कसं घेणार?"

"मग माझ्याकडून विकत घे."

"तुमच्याकडून विकत? वहिनी, तुम्ही पैसे घेणार माझ्याकडून?"

वहिनीने पाटी खाली ठेवली. जावयाकडून पैसे घ्यायचे कसे? आणि शेजाऱ्याला रोज फुकट द्यायचं कसं? तिघं तशीच उभी राहिलो. पापलेटं मात्र अप्रतिम होती, ते कबूल करावं लागेल.

त्यावर तोडगा असा निघाला की कोणी काढलाच नाही. पहिला आठवडा वहिनी रोज मासळीचा वाटा पाठवायची. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड. मग नवरा भाजीच्या रिक्षावाल्याकडून दुधी आणायला लागला. मनोरीत राहून आम्ही दुधी खात होतो. तो तक्रार करत नव्हता, कारण बाकी सगळं त्याच्या मनासारखं होतं. पहाटे उठून वाळूत चालायचा, दादाबरोबर जाळं शिवायला बसायचा, त्याचं बीपी खाली आलं होतं, रात्री घोरत नव्हता. इतका आनंदात मी त्याला लग्नानंतर फारसा बघितला नव्हता. आणि त्याचा आनंद बघून मला आणखी राग यायचा. आता हा काही परत यायचा नाही, हे दिसतच होतं.

माझं काय चाललं होतं? दादाच्या ओटीवरून रोज दहा वेळा जायचे. वहिनी हाक मारायची, "काय गं, पाणी आलं काय?" म्हणजे जशी सगळ्यांना मारते तशी. जेवायला ये, असं एकदाही म्हणाली नाही. तेल तर सोडाच. मी माझ्या दोन खोल्यांत स्वैपाक करायचे, कपडे वाळत घालायचे, आणि भिंतीपलीकडून माझ्याच माहेरच्या तळणीचा वास यायचा.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने हाक मारली, "ये, जरा हात लाव." होडी भरून बोंबील आले होते. मी गेले, बसले. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळत टाकायचे. लहानपणी केलेलं काम, हात विसरले नव्हते, पण कंबर विसरली होती. दुपार डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघी न बोलता तेच करत होतो. मग ती उठली, हात धुतले आणि घरात गेली. मला 'चहा घे' पण म्हणाली नाही. मी घरी येऊन वरणभाताचा कुकर लावला आणि कुकरसमोर उभी राहून रडले. मला माझी लाजही वाटत होती. काम केल्याचं दुःख नव्हतं, माझ्या बापाचाही जन्म होडीवरच गेला. पण त्या घराने माझ्याकडून काम करून घेतलं आणि मला पानावर बसवलं नाही, हे मला सोसवेना.

संध्याकाळी मी तिच्या ओटीवर जाऊन उभी राहिले. दादा आणि नवरा किनाऱ्यावर गेले होते. ती एकटीच विळीवर बसून मासे साफ करत होती. मी म्हटलं, "वहिनी, मी परकी झाले काय गं?"

"परकी कुठं? शेजारीण झालीस." तिने वर बघितलंही नाही. "शेजारणीला रोज पान वाढतात काय?"

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "मी ह्याला सांगितलं होतं, माझं माहेर जाईल. गेलं." आणि मी परत रडायला लागले, चांगली भोकाड पसरून.

वहिनीने विळी बाजूला सारली. तिला माझी दया येईल असं मला वाटलं होतं, पण ती भडकली. "तुझं गेलं म्हणून रडतेस. आणि माझं?"

"तुझं काय?"

"तुझं काय म्हणजे? माझी आई गेली, बाप गेला, भावाने वसईचं घर विकून टाकलं. मना माहेर कुठं हाय?"

"वहिनी, पण..."

"बोरिवलीला," ती म्हणाली. "तू हितं राहायला आलीस. मंग मी कुठं येऊ?"

तिचा आवाज उतरला, पण ती थांबली नाही. मागच्या शुक्रवारी तिचं आणि दादाचं वाजलं होतं, होडीच्या इंजिनावरून. "साडी बदलली. पिशवी घेतली. धक्क्यावर गेले. फेरी लागलेली. पाय टाकणार, तर आठवलं, तू हितं हाईस. तुझ्या घराला कुलूप. परत आले." ती हात पदराला पुसत होती. "तुझा दादा दारात बसला होता. मना बघून हसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी अर्ध्या वाटेतून परत आले. हसला गं तो."

दात, ब्लाऊज, पावभाजी, सगळं मला एकदम नीट दिसायला लागलं, आणि मी ते नवऱ्याशी भांडताना सुखसोयींच्या खात्यात टाकलं होतं. ती म्हणाली, "मी झोपले की तू दार ओढून घेतेस. फोन आला तर सांगतेस, वहिनी झोपलीय, नंतर करा. तसं मना दुसरं कोण करतं?" आता ती रडत होती आणि मी तिचे माशाने माखलेले हात धरून बसले होते. वास दोन दिवस गेला नाही.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. दुधी ताटात तसाच.

"आणि माझं काय?" तो म्हणाला. "माझं बीपी?"

प्रश्न रास्त होता. त्याचं सुख मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मी म्हटलं, "तुझी सासुरवाडी आहे ना रे ही. महिन्यातले आठ दिवस ये, पंधरा दिवस ये. जावई म्हणून ये. दादा जाळं शिवायला बसवील, वहिनी रोज पापलेट घालील, कोणाला तोंड लपवायला नको. राहायला आलास की दुधी."

त्याने दुधीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "ह्या तुझ्या माहेराचा आधी नीट सांगूक नको होता?" तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, मुद्द्याचं बोल."

त्याने भात वाढून घेतला. महिना पुरा व्हायच्या आतच आम्ही सामान बांधलं. निघायच्या दिवशी दादा ट्रंक घेऊन धक्क्यावर आला. वहिनी कुठे दिसेना. मला जरा वाईट वाटलं, एवढं बोलणं झाल्यावर निरोपाला तरी यायला हवं होतं. फेरीवाला घाई करायला लागला, आम्ही आत चढलो, आणि तेवढ्यात ती आली. धुतलेली साडी, वेणी घातलेली, हातात पिशवी. दादाकडे ढुंकूनही न बघता त्याच्या समोरून गेली आणि फेरीत चढून माझ्या शेजारी बसली.

दादा काठावरून ओरडला, "अगं, तू कुठं?"

"माहेरी," वहिनी म्हणाली.

फेरी सुटली. दादा ट्रंकेवरचा हात कमरेवर ठेवून उभा होता, कारण ट्रंक चढवायची तो विसरला होता. नवरा ट्रंकेसाठी ओरडत होता आणि फेरीवाला परत वळायला तयार नव्हता. वहिनीने चपला काढल्या, पाय लांब केले आणि मला म्हणाली, "संध्याकाळचा स्वैपाक तू करायचास हां. मी झोपणार."